नवतपा तापलाच नाही, असं काहून?

प्रश्न : गुरुजी, यंदा नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला तरी कूलर लावायची पाळी आली नाही. चार दिवस आभाळ, दोनदा पाऊस. गच्चीवर घातलेल्या कुरोड्या वाळल्याच नाहीत, वास सुटला. सासूबाई म्हणतात, नवतपा तापला नाही तर पुढं पाऊस दगा देतो. मुलगा म्हणतो, कुठंतरी ज्वालामुखी फुटला असेल. खरं काय?
– एक शेतकरी भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, कुरोड्या वाळल्या नाहीत आणि कूलर लागला नाही, या दोन्हींचं कारण एकच : हवेतली ओल.

मेअखेरीस आपल्याकडं दिवसाचं तापमान साधारण ४२-४३ अंश असतं. ‘नेहमीचं’ म्हणजे तीस वर्षांची सरासरी, त्यामुळं एखादं वर्ष खाली-वर जायचंच. यंदा समुद्रावरून बाष्प आत आलं, ढग झाले आणि ढगांनी बरंचसं ऊन वरच्या वर परतवलं. पण माझ्या मते खरी गंमत पाऊस पडून गेल्यावरची आहे. काळं वावर कोरडं, भेगाळलेलं असतं तेव्हा सगळं ऊन माती अन् हवा तापवण्यात जातं. तेच ओलं असलं की ऊन आधी पाणी आटवायला लागतं, आणि त्यात फार उष्णता खर्ची पडते. तीस अंशांचं पाणी उकळीला आणायला जेवढी लागते, तिच्या सात-आठपट उष्णता त्याची वाफ करायला लागते. कूलरच्या वाळ्यावर पाणी सोडल्यावर जे होतं, ते अख्ख्या शिवारात झालं.

माझ्या सपरीत कमाल-किमान तापमापक टांगलेला आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी वहीत नोंद करतो. त्या दिवसांत दुपारचा आकडा पार उतरला, पहाटेचा मात्र जेमतेम हलला. रात्री ढग गोदरीसारखे पांघरलेले असतात, जमिनीची ऊब निघून जात नाही. म्हणून दिवस थंड असूनही तुम्हाला रात्री घामानं चिकचिक झाली असेल.

हिवाळ्यातली थंडी याच्या अगदी उलट. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ अंशांवर उतरलं, ते आभाळ निरभ्र आणि उत्तरेचं वारं कोरडं होतं म्हणून. त्याच नागपुरानं २३ मे २०१३ ला ४७.९ पाहिले आहेत. समुद्र लांब असला की असे टोकाचे आकडे येतात.

मुलाला सांगा, ज्वालामुखीनं हवा थंड होते हे खरं आहे. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो फुटला आणि पुढच्या वर्षी साऱ्या पृथ्वीचं तापमान सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं. पण ते अर्ध्या अंशाचं आणि साऱ्या जगाचं. एका तालुक्यातले नऊ दिवस त्यानं थंड होत नाहीत.

सासूबाईंची चिंता मी समजतो, माझी आईही हेच म्हणायची. पण मोसमी पाऊस हजारो किलोमीटर दूरच्या समुद्रावरून येतो. आपले नऊ दिवस थंड गेले म्हणून तो अडत नाही. मला धास्ती वेगळीच आहे. वावर ओलं दिसलं की पेरायला हात शिवशिवतात. आपल्याकडं मोसमी पाऊस साधारण १५ जूनच्या आसपास येतो. मधे पंधरा दिवस उघाड पडली तर पऱ्हाटीचा कोंब जळेल आणि बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा काढावे लागतील. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईस्तोवर बियाण्याची थैली फोडू नका. आणि वास सुटलेल्या कुरोड्या तळायला घेऊ नका, बुरशी धरली असेल.