दोनशेची तीनशे करताना

टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंप) लावलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या गाडीत दोन लिटरचं टर्बो इंजिन आहे, २०० अश्वशक्तीचं. मला ३०० हवेत. दुसरं इंजिन आणून बसवू, की आहे तेच वाढवू?

आहे तेच वाढवा. फक्त त्याआधी ते धडधाकट आहे का, हे बघा. इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडी ठेवून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला, तर बूस्टचा, म्हणजे टर्बोने हवेचा दाब वाढवण्याचा, विषय तिथेच थांबवा आणि आधी दोष शोधा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे वळा.

इंजिन ठीक निघालं की हिशेब हवेपासून सुरू करायचा. ढोबळमानाने ३०० अश्वशक्तीसाठी मिनिटाला १३.५ किलो हवा लागते. तुमच्या टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या नकाशावर (त्याची कार्यक्षमता दाखवणाऱ्या आलेखावर) तेवढी हवा कितपत कार्यक्षमतेत मिळते, ते पाहा. बाहेरची हवा ३० अंशांची आहे आणि दाब दुप्पट करायचा आहे असं धरू. कार्यक्षमता ७० टक्के असेल तर कॉम्प्रेसरमधून हवा साधारण १२५ अंशांवर बाहेर पडते. छोटा टर्बो ताणून ६० टक्क्यांवर आणला की तीच १४० अंशांवर जाते. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढतो, पण सगळी नाही. उरलेली सिलिंडरमध्ये जाते, मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोके द्यायला लागतं, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) स्पार्क मागे घेतो आणि बूस्ट वाढवूनही ताकद तिथेच राहते. ‘बूस्ट १.४ बार येतो’ हे कौतुकाने सांगणारे हवेचं तापमान सहसा सांगत नाहीत.

मग इंधन. टर्बो इंजिन पूर्ण जोरात असताना दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल धरा. ३०० अश्वशक्तीला ते ताशी ८१ किलो, म्हणजे सुमारे ११० लिटर होतं. प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला ४५० मिलिलिटरच्या वर येतं. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नसतो, म्हणून ५५० ते ६०० चे इंजेक्टर घ्या. हा हिशेब इनटेकच्या पाइपात फवारणाऱ्या इंजेक्टरचा आहे. थेट सिलिंडरमध्ये फवारा सोडणाऱ्या इंजिनात उच्च दाबाच्या पंपाची मर्यादा आधी आड येते. टाकीतल्या पंपाबाबत एक गोष्ट हमखास विसरली जाते. रेलमधला (इंजेक्टरांना इंधन वाटणाऱ्या नळीतला) मूळ दाब ३ बार असेल तर १.२ बार बूस्टला पंपाला ४.२ बारवर इंधन ढकलावं लागतं, आणि दाब वाढला की पंपाचा पुरवठा घटतो. त्यामुळे डब्यावर छापलेला ताशी २५५ लिटरचा आकडा कोणत्या दाबाचा आणि किती व्होल्टचा आहे, ते विचारा. पंपापर्यंत जाणारी जुनी बारीक वायर जाड करून रिलेवर घेतली की पंप न बदलताही बऱ्याचदा फरक दिसतो.

तिसरी मर्यादा पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची. रॉड अश्वशक्तीने वाकत नाही, टॉर्कने (फिरवणाऱ्या जोराने) वाकतो. ५५०० आरपीएमला ३०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३८५ न्यूटन मीटर. हाच टर्बो ३००० आरपीएमलाच पूर्ण बूस्ट देऊन ४५० न्यूटन मीटर ओढू लागला, तर कागदावर अश्वशक्ती १९२ च दिसेल, पण रॉडवरचा दाब कितीतरी जास्त असेल. फोक्सवॅगनच्या २० व्हॉल्व्हच्या १.८ टर्बो इंजिनात रॉड वाकतात ते याच कारणाने. ट्यूनिंग करणाऱ्याला (ईसीयूतले आकडे बदलणाऱ्याला) स्पष्ट सांगा, की खालच्या आरपीएमला टॉर्क आवरायचा आणि वर तो लांबवायचा. थेट फवाऱ्याच्या इंजिनांना हे दुप्पट लागू आहे. कमी आरपीएमला जास्त भार पडला की मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटू शकतं आणि पिस्टन एका झटक्यात फुटू शकतो.

भागांचा क्रम असा ठेवा : प्लग आणि कॉइल, इंटरकूलर, टर्बोला लागूनचा मोकळा एक्झॉस्ट पाइप, पंप आणि इंजेक्टर, क्लच, मग ट्यूनिंग, आणि गरज उरलीच तर टर्बो. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. ब्रेक या यादीत नाहीत, कारण ते या सगळ्याच्या आधीचे.

प्रश्न : मोकळा एक्झॉस्ट लावल्यापासून ५००० आरपीएमच्या पुढे गाडी भिंतीला आपटल्यासारखी अडते. पाय उचलला की पुन्हा ठीक. प्लग बदलून पाहिले.

‘भिंतीला आपटल्यासारखी’ हे तुम्ही नेमकं लिहिलंत, अर्धं निदान त्यातच आहे. स्पार्क चुकत असेल तर गाडी फडफडते, अडखळत पुढे जाते. बटण दाबल्यासारखं सगळं एकदम बंद होत असेल तर बूस्ट मर्यादेबाहेर गेल्याने ईसीयू इंधन तोडतो आहे.

वेस्टगेट म्हणजे जादा वायू टर्बाइनला वगळून बाहेर सोडणारी झडप. तिचं भोक मूळ एक्झॉस्टच्या हिशेबाने काढलेलं असतं. पुढचा मार्ग मोकळा झाला की वरच्या आरपीएमला एवढे वायू त्या भोकातून वळत नाहीत. ते टर्बाइनमधून जातात आणि बूस्ट आपोआप चढत राहतो. खात्री करायची असेल तर बूस्टचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) बाजूला काढा आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाची नळी थेट वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरला (झडप उघडणाऱ्या डबीला) जोडा. आता बूस्ट फक्त स्प्रिंगच्या जोरावर चालेल. चौथ्या गिअरमध्ये, बंदिस्त ट्रॅकवर किंवा डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), ३००० पासून वर खेचा. तरीही आकडा आरपीएमबरोबर चढत गेला तर कोणताही इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर उपयोगाचा नाही. भोक घासून मोठं करायचं आणि झडप त्यावर नीट बसते का ते पाहायचं, नाहीतर बाहेरचा वेस्टगेट लावायचा.

बूस्ट सपाट राहिला आणि तरी गाडी अडली, तर इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर पाहा. २.५ बारचा सेन्सर निरपेक्ष दाब, म्हणजे वातावरणाचा १ बार धरून, मोजतो. समुद्रसपाटीला त्यात बूस्टच्या वाट्याला १.५ बारच येतात. त्यापुढे तो आंधळा होतो. ३ बारचा सेन्सर लावला तर ट्यूनमध्ये त्याचं प्रमाण बदलावंच लागतं, नुसता बसवून चालत नाही.

प्लग बदलले म्हणता, पण गॅप किती ठेवला? १.१ मिलिमीटरचा गॅप वाढलेल्या दाबात ठिणगी विझवतो. ०.६ ते ०.७ ठेवा आणि उष्णतेच्या मापात एक पायरी थंड प्लग घ्या.

प्रश्न : ब्लो-ऑफ व्हॉल्व्हने (थ्रॉटल मिटल्यावर अडकलेली हवा सोडणाऱ्या झडपेने) किती ताकद वाढते?

वाढत नाही. आवाज वाढतो. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत मोजलेली हवा बाहेर सोडली तर गिअर बदलताना मिश्रणात इंधन जास्त होतं आणि गाडी धक्का देते. मूळ व्हॉल्व्हचा पडदा फाटला असेल तर तेवढा बदला.

प्रश्न : ८६ मिलिमीटर बोअरचं (सिलिंडरच्या व्यासाचं) इंजिन फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन आणि रॉड घालून बांधतो आहे. मशीनवाला म्हणतो, ‘कंपनीच्या मापानेच बसवू.’ बरोबर आहे का?

नाही. कंपनीचं माप कंपनीच्या पिस्टनसाठी असतं. फोर्ज्ड पिस्टन जास्त प्रसरण पावतात. अ‍ॅल्युमिनियमच्या २६१८ मिश्रधातूच्या पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीशी साधारण ०.०८ ते ०.१० मिलिमीटर अंतर लागतं, ४०३२ मिश्रधातूला त्याहून कमी पुरतं. पिस्टनसोबत आलेल्या कागदावरचा आकडा अंतिम मानायचा आणि पिस्टन कुठे मोजायचा तेही त्यातच पाहायचं. स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूवर) चुकीच्या उंचीला मायक्रोमीटर लावला की सगळा हिशेब बिघडतो. २६१८ चे पिस्टन थंड इंजिनात खडखडतात, त्याने घाबरू नका.

रिंगांचा गॅप, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधली फट, सगळ्यात जपा. बूस्टच्या इंजिनात वरच्या रिंगेला बोअरच्या मापाला ०.००५५ ने गुणून येणारा गॅप ठेवतात, म्हणजे तुमच्याकडे ०.४७ मिलिमीटर. दुसऱ्या रिंगेला ०.००६ ने, म्हणजे ०.५२. बूस्ट फार चढवणार असाल तर थोडा आणखी. गॅप कमी पडला तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात, रिंगेला जायला जागा उरत नाही आणि ती पिस्टनची कड उचकटून काढते. गॅप जरा जास्त झाला तर थोडं ऑइल जळेल, एवढंच. चूक करायचीच तर त्या बाजूला करा. प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरमध्ये जाणार त्यातच, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलून मोजा. फाइल एकाच टोकाला चालवा, कड मऊ करा.

होनिंग (सिलिंडरच्या भिंतीची शेवटची घासणी) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट, लावूनच करून घ्या. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक किंचित मुरडतो. प्लेटशिवाय गोल काढलेलं बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. बेअरिंगच्या मोकळिकीचा ढोबळ नियम जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाचा हजारावा भाग : ५५ मिलिमीटरला ०.०५५. ते कसलेल्या कॅपमध्ये बोअर गेजने मोजा. बेअरिंगमध्ये चेपून मोजायच्या प्लॅस्टिकच्या दोऱ्याचं माप शेवटची खातरजमा म्हणून ठीक आहे.

पिस्टनखाली ऑइल फवारणारे नोझल असतील तर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. नवे रॉड आणि स्कर्ट त्यांना घासतात, आणि हे इंजिन बांधून झाल्यावर कळून उपयोग नाही. हेड स्टडला त्यांच्यासोबत आलेलंच वंगण लावा. टॉर्कचा आकडा त्या वंगणासाठी दिलेला असतो. साध्या ऑइलवर तोच आकडा लावला तर ताण कमी बसतो आणि हेड बूस्टला उचलतं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, इंधन तोडून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर मारा. पहिलं ऑइल १०० किलोमीटरच्या आत बदला आणि फिल्टर कापून आतली घडी उलगडून पाहा. बारीक करडी धूळ चालते. चमकते पापुद्रे दिसले तर इंजिन पुन्हा खोला.

प्रश्न : पूर्ण इंजिनच बदलायचं असेल तर जपानी ४जी६३ किंवा एसआर२० मिळाल्यास घ्यावं का?

दोन्ही उत्तम, पण नावावर जाऊ नका. मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशनच्या चौथ्या पिढीत ४जी६३ इंजिन १८० अंशांत फिरवून बसवलं, त्यामुळे आधीच्या गाड्यांचा गिअरबॉक्स आणि माउंटिंग तिथे चालत नाही. निसानचं एसआर२०डीईटी सिल्व्हियात गाडीच्या लांबीला उभं आणि मागची चाकं फिरवणारं, तर पल्सर जीटीआय-आर मध्ये रुंदीला आडवं. ‘एसआर२० आहे’ एवढ्यावर पैसे दिले तर चुकीचा संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) आणि चुकीचा इनटेक घरी येतो.

सुटं इंजिन घेऊ नका. शक्य तर समोरचा अख्खा कापलेला भाग घ्या : इंजिन, गिअरबॉक्स, न कापलेलं वायरिंग, ईसीयू, इमोबिलायझर आणि त्याची चावी, अ‍ॅक्सिलरेटरचा पेडल, हवेचा सेन्सर. इंजिन बसवणं आठवड्याचं काम असेल तर वायरिंग महिन्याचं असतं. ४जी६३ च्या क्रँकला मागेपुढे हलवून डायल गेजने खेळ मोजा. फ्लायव्हीलला सात बोल्ट असलेल्या क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला मागेपुढे सरकू न देणारं) झिजण्याची ख्याती आहे. क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर ते इंजिन सोडून द्या.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप आणि मागचा ऑइल सील बदला. आणि काम सुरू करण्याआधीच नोंदणीत बदल चालतो का, विमा टिकतो का, हे विचारून घ्या.

प्रश्न : नवा टर्बो लावला आणि सिग्नलला उभं असताना निळा धूर येतो. टर्बो खराब आला का?

बहुधा नाही. टर्बोतून ऑइल परत येणारी नळी तपासा. ते ऑइल दाबाने नाही, उतारावर आपसूक वाहतं. नळी १६ ते १९ मिलिमीटर आतल्या व्यासाची, कुठेही वर न चढणारी, आणि संपमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. गॅस्केटवरचा जादा सिलिकॉन आत फुगून तोंड अरुंद करतो, तेही पाहा. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर येणाऱ्या नळीत एक मिलिमीटरच्या आसपासच्या भोकाचा, ऑइल आवरणारा रिस्ट्रिक्टर लागतो. साध्या बेअरिंगच्या टर्बोला सहसा नको, तिथे तो बसवून लोक टर्बो जाळतात. हे सगळं ठीक असेल तर इंजिनच्या ब्रीदरची (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी) नळी काढून गाडी चालू ठेवा. तिथून जोरात फुंकर येत असेल तर क्रँककेसमधला दाब ऑइलला परत येऊ देत नाही, आणि मग तपासणी टर्बोची नव्हे, रिंगांची करायची.