ग्रेसचे तीन महिने शिकवण्यासाठी नसतात

प्रश्न: मी अमेरिकेत फ्लाइट इन्स्ट्रक्टर आहे. माझ्या सीएफआय (इन्स्ट्रक्टरच्या) सर्टिफिकेटवर ३१ मार्च २०२६ ही मुदतीची तारीख आहे. इन्स्ट्रुमेंट इन्स्ट्रक्टरची, म्हणजे डबल-आयची चेकराइड (विमानातली प्रात्यक्षिक परीक्षा) मार्चमध्येच होती. ती पास झाले की नूतनीकरणही त्यातच उरकेल, म्हणून वेगळं काही केलं नाही. हवामानामुळे चेकराइड दोनदा पुढे गेली. आता मेअखेरची तारीख मिळाली आहे. ‘मुदतीनंतर तीन महिने ग्रेस (सवलत) असतो’ हे ऐकून एप्रिलमध्ये एका विद्यार्थ्याला चार धडे दिले, सोलोसाठी सहीही केली. तो एकदा एकटा उडालाही. १२ मे रोजी सहकाऱ्याने सांगितलं की हे चुकलं. आता काय करू?

उत्तर: पुढचं वाचण्याआधी त्या विद्यार्थ्याला फोन करा आणि सोलो थांबवा. सही केली त्या दिवशी नियमाच्या भाषेत तुम्ही ‘ऑथराइज्ड इन्स्ट्रक्टर’ नव्हता, त्यामुळे ती सही नसल्यात जमा. काही अपघात झाला असता तर विमा कंपनीने पहिल्यांदा तीच तारीख पाहिली असती.

ग्रेसबद्दलचा गैरसमज इतका पसरलाय की तुम्हाला फार बोल लावत नाही. एफएए या अमेरिकी विमानवाहतूक यंत्रणेच्या नियम ६१.१९९ मधले तीन कॅलेंडर महिने एवढ्यासाठीच आहेत की त्या काळात चेकराइड न देता रिफ्रेशर कोर्स करून अधिकार परत मिळवता येतात. तोवर शिकवायला परवानगी नाही. तुमचे तीन महिने ३० जूनला संपतात. १ डिसेंबर २०२४ पासून नव्या इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेटवर मुदत छापत नाहीत, म्हणून काहींना वाटतं अटच गेली. छापील तारीख गेली. दर २४ कॅलेंडर महिन्यांत पात्रता दाखवण्याची अट आहे तिथेच आहे.

दोन्ही कामं एकत्र करण्याचा तुमचा बेत कायद्याने बरोबर होता. नवं रेटिंग जोडणारी चेकराइड पास झाली की इन्स्ट्रक्टरचे सगळेच अधिकार ताजे होतात, मुदत उलटून गेल्यावरसुद्धा. अडचण एवढीच की ती तारीख हवामान, विमान आणि एक्झामिनर या तिघांच्या मर्जीवर. पुन्हा ढग आले किंवा होल्डिंगमध्ये (हवेत ठरावीक घिरट्या घालताना) गडबड होऊन पिंक स्लिप, म्हणजे नापासाची चिठ्ठी, हातात पडली आणि तेवढ्यात जून सरला, तर कोर्सचा रस्ता बंद. म्हणून एफआयआरसी, म्हणजे तोच रिफ्रेशर कोर्स, याच आठवड्यात घ्या, ऑनलाइन होतो. नुसतं कोर्सचं प्रमाणपत्र पुरत नाही, अर्जही दाखल करावा लागतो. तात्पुरतं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत एकही धडा देऊ नका. मग डबल-आय निवांत द्या. पास झालात की नवे २४ महिने त्या महिन्यापासून मोजायचे, आणि पायलट म्हणून तुमची ठरावीक काळाने होणारी तपासणी, म्हणजे फ्लाइट रिव्ह्यूही त्यातच होऊन जाईल.

आता लॉगबुकातल्या एप्रिलच्या नोंदी. खाडाखोड नको, तारखा मागेपुढे करणं तर नकोच. मुदतीबाहेर शिकवणं ही चूक झाली. खोटी नोंद ही लबाडी, आणि तिच्यापायी पायलटचं सर्टिफिकेटसुद्धा रद्द होऊ शकतं. रद्द झाल्यावर साधारणपणे वर्षभर नव्याने अर्ज करता येत नाही. ओळी आहेत तशा ठेवा आणि शेजारी आजच्या तारखेने लिहा: ‘या दिवशी इन्स्ट्रक्टरची पात्रता चालू नव्हती, ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचं प्रशिक्षण) म्हणून धरू नये.’ ते धडे पुन्हा द्यावे लागतील. खर्च कुणाचा, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुमचा.

नासाकडे एएसआरएस अहवालही (उड्डाणातल्या चुका आपणहून कळवण्याचा) पाठवा. चूक कळल्यापासून १० दिवस मिळतात, म्हणजे २२ मेपर्यंत. पण त्यात ‘कळायला हवी होती’ असेही शब्द आहेत, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. अहवालाने उल्लंघन पुसलं जात नाही. शिक्षा टळू शकते, तीही चूक जाणूनबुजून नसेल आणि तुमच्या पात्रतेवरच बोट ठेवलं जाणार नसेल तर. हा दुसरा मुद्दा तुमच्या बाबतीत वादाचा ठरू शकतो. त्यामुळे एफएएकडे आपणहून जायचं की नाही, हे स्थानिक वकिलासमोर कागद ठेवूनच ठरवा.

तुमच्या फ्लाइंग स्कूलला मात्र कळवावं लागेल. दोन ओळी लिहा: कोणते चार धडे, कोणती सही. माफीचा लांबलचक ईमेल पाठवू नका.