‘कोलंबो’ या अमेरिकी टीव्ही मालिकेत त्याच नावाचा पोलीस डिटेक्टिव्ह साकारणाऱ्या पीटर फॉक यांचा एक डोळा खरोखरच काचेचा होता का?

हो, उजवा. फॉक तीन वर्षांचे असताना रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे तो काढावा लागला आणि पुढे आयुष्यभर कृत्रिम डोळाच राहिला. हे त्यांनी कधी लपवलं नाही, मुलाखतींत स्वतःच सांगत. कोलंबोची ती तिरपी, जरा डोळे बारीक केलेली नजर म्हणजे अभिनयाची लकब असं अनेकांना वाटतं; तिच्यामागे बराचसा हा डोळाच होता. (कोलंबोचा मळकट रेनकोटही फॉक यांचा स्वतःचाच.)

डोळ्यामुळे काम मिळालंच नाही, असं मात्र नाही. एका बड्या स्टुडिओने चाचणीनंतर याच कारणासाठी नाकारलं, हे खरं. पण लोकप्रशासनात पदव्युत्तर पदवी घेऊन कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प खात्यात नोकरी करणारा हा माणूस तिशीच्या उंबरठ्यावर नटाच्या धंद्यात उतरला आणि १९६० व १९६१ च्या चित्रपटांसाठी त्यांना सहायक अभिनेत्याची लागोपाठ दोन ऑस्कर नामांकनं मिळाली. कोलंबो त्यानंतरचा: पहिला टीव्हीपट १९६८ चा, नियमित मालिका १९७१ पासून, शेवटचा भाग २००३ चा. या भूमिकेसाठी चार एमी, म्हणजे अमेरिकेतले टीव्ही पुरस्कार.