जुन्या गाडीचा हॉर्न मूळचाच आहे का हे कसं ओळखायचं, आणि बंद असेल तर उघडावा का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो: लगेच उघडू नका. माझ्या हातात आलेल्या ‘मेलेल्या’ हॉर्नांपैकी कितीतरी मेलेले नव्हतेच, दोष गाडीच्या वायरिंगमध्ये होता. हॉर्न उतरवा, त्यावरचा व्होल्टेजचा आकडा वाचा (६ चा हॉर्न १२ वर लावू नका) आणि जाड वायरने थेट बॅटरीला जोडा. वाजला, तर मग स्टिअरिंगकडे बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नपर्यंत करंट कायम आलेला असतो आणि बटण फक्त अर्थिंग, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून करंटची परतीची वाट, जोडतं. स्टिअरिंगच्या दांड्यात (कॉलममध्ये) गंज धरला किंवा जोडावर रंगाचा नवा थर बसला, की हॉर्न मुका. नुकत्याच रंगवून आलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं.

याला एक अपवाद आहे. फोर्ड मॉडेल टीला १९१५ पासून मॅग्नेटोवर (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर) चालणारा हॉर्न आला. त्याला पॉइंट (करंट सतत जोडणारी-तोडणारी धातूची टोकं) नसतात, मॅग्नेटोचा एसी करंटच पडदा (आवाज काढणारा पातळ पत्रा) थरथरवतो. बॅटरीवर तो नुसता ‘टक’ करतो. त्यावरून तो बिघडलाय असं समजू नका.

आता मूळचा की नंतर लावलेला. चकाकीवर अजिबात जाऊ नका. क्रोमचा मुलामा गाड्यांवर १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला. त्याआधीच्या गाडीवर झगझगीत क्रोमचा भोंगा असेल तर तो बदललेला तरी आहे, नाहीतर कुणीतरी ‘सजवलेला’ तरी. तिथे पितळ, निकेल किंवा साधा काळा रंगच हवा. हॉर्नची जातही काळ सांगते. रबरी फुग्याच्या भोंग्यात पितळी जीभ असते, पेटीच्या सुरासारखी. क्लॅक्सनची रचना हचिसन यांनी १९०८ च्या सुमारास आणली. त्यात दातेरी चाक पडद्यावरच्या खुंटीला घासत फिरतं आणि तो ‘आऽहूऽगा’ निघतो. पुढे चाक गेलं आणि चुंबक-पॉइंटवाले हॉर्न आले.

मग शिक्के वाचा. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या हॉर्नवर मॉडेल आणि व्होल्टेजबरोबर बहुधा महिना-वर्षही ठोकलेलं असतं. ‘३ ५७’ म्हणजे मार्च १९५७. ही तारीख गाडीच्या थोडी आधीची हवी. नंतरची असेल तर हॉर्न बदललेला आहे, विषय संपला. शंखासारख्या नळीच्या जोडीत एक वरच्या सुराचा, एक खालच्या सुराचा असतो. दोन्ही एकाच सुराचे निघाले तर त्यातला एक नक्की पाहुणा. पण नाव वेगळं दिसलं म्हणून घाईने निकाल देऊ नका. मॉडेल ए (१९२८–३१) साठी फोर्डने स्पार्टन या कंपनीसह एकाहून जास्त कारखान्यांकडून हॉर्न घेतले, त्यामुळे दोन वेगळी दिसणारी धूडं दोन्ही अस्सल असू शकतात.

थेट बॅटरीवरही गप्प राहिला तरच झाकण काढा. मोटरवाल्यात (क्लॅक्सनच्या जातीच्या) बहुतेकदा जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं आणि कॉम्युटेटर (मोटरच्या दांड्यावरचं तांब्याचं कडं, ज्यावर ब्रश टेकून करंट देतात) काळा पडलेला असतो. साफसफाई केली, ब्रश मोकळे केले की अर्ध्याहून अधिक काम होतं. पॉइंटवाल्यात पॉइंट किटलेले असतात. बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन-तीनदा ओढा, कानस नको. पडदा मात्र घासू नका, ठोकून सरळ करू नका. खालच्या गॅस्केटची जाडीही तीच ठेवा, कारण चुंबक आणि आर्मेचर (पडद्याला जोडलेला, चुंबकाने ओढला जाणारा लोखंडी तुकडा) यांच्यातली फट तिच्यावर ठरते.

शेवटी अॅडजस्टमेंट. इथे मी स्वतः एक जोडी घालवलीय. आवाज घोगरा वाटला म्हणून मधला खाच असलेला स्क्रू पिळत बसलो. तो मुळी अॅडजस्टमेंटचा नव्हताच, चुंबकाचा गाभा होता! कारखान्यातली फट एकदा हलली की पुन्हा जमवणं फार कठीण. अॅडजस्टमेंटचा स्क्रू बहुधा कडेला असतो. तो हॉर्न जेमतेम वाजायचा थांबेपर्यंत फिरवायचा, मग उलटा पाव वळसा. याने सूर बदलत नाही, फक्त झीज भरून निघते. एका दमात दोन सेकंदांहून जास्त वाजवू नका, पॉइंट जळतात. शिकंजात हॉर्नचं अंग आवळून तपासू नका, त्याच्या ब्रॅकेटनेच धरा, नाहीतर चांगला हॉर्नही चिरकतो.

रंग सगळ्यात शेवटी, आणि पातळ. शिक्के बुजले तर ओळखायचं कशावरून? तुमच्या हॉर्नच्या पाठीमागचा शिक्का आणि ब्रॅकेट दिसेल असा एक फोटो टाका, गाडीचं वर्षही लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.