विचारा बिनधास्त: जेलमधल्या अनोळखी माणसाला पत्र लिहू का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, वय 57, दोन्ही मुलं कॉलेजला गेली आणि घर एकदम सुनं झालंय. आमच्या लायब्ररीत येणारी एक आजी गेली नऊ वर्षं जेलमधल्या एका बाईला पत्रं लिहितीये, तिचं ऐकून मलाही वाटायला लागलंय की आपणही कुणाला तरी लिहावं. नवरा म्हणतो हे कसले रिकामे उद्योग, उद्या सुटून दारात उभा राहिला म्हणजे? माणूस शोधायचा कसा, घरचा पत्ता द्यायचा का, आणि मुख्य म्हणजे लिहायचं काय, माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काहीच घडत नाही हो.

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण खरी गोम तिथेच आहे. मी स्वतः सहा वर्षं एकाला लिहितीये, त्याचं नाव न सांगता आपण नुसतं 'जे' (J) म्हणू. पहिल्या पत्रात मी दोन पानं नुसतं ज्ञान पाजळलं, धीर धर, सगळं ठीक होईल वगैरे, त्याचं उत्तर चार ओळींचं आलं, थँक्यू मॅम आणि खाली सही. दुसऱ्या वेळी सुचेचना म्हणून लिहिलं की थंडीत इडलीचं पीठ फुगत नव्हतं म्हणून ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवलं, आणि सकाळी बघते तर पीठ उतू जाऊन ओव्हनच्या जाळीतून खाली टपटपतंय. त्याला सात पानं आली! वास कसा येत होता, किती वाजता कळलं, नवरा काय बोलला, ते पुसायला काय वापरलं, सगळं विचारलं होतं, कारण या माणसाने 2009 पासून घरातला ओव्हन बघितलेला नाही. मग त्याने त्याची रेसिपी लिहिली, रॅमेनचं, म्हणजे मॅगीसारख्या नूडल्सचं, पाकीट चुरायचं, त्यात तिखट चिप्स चुरून घालायच्या, पिशवीतच गरम पाणी ओतून टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचं, याला ते स्प्रेड म्हणतात. वाचून मला आपली मिसळच आठवली, तर्री नसलेली. तेव्हा काही घडत नाही ही अडचण नाहीये, भाजीवाल्याकडे मेथी कशी मिळाली तेही चालतं.

आता शोधायचं कसं. राइट-अ-प्रिझनर नावाची साइट 2000 पासून आहे, फ्लोरिडातली, तिथे कैद्यांचे प्रोफाइल असतात, पण एक लक्षात ठेवा, ते प्रोफाइल माणसाने स्वतःबद्दल लिहिलेलं असतं, म्हणजे आपल्याकडच्या स्थळाच्या माहितीइतकंच खरं धरायचं 😄. नाव मिळालं की त्या राज्याच्या करेक्शन्स म्हणजे तुरुंग खात्याच्या साइटवर जाऊन तपासायचं, गुन्हा काय, शिक्षा किती, सुटायची तारीख कधी, बरंच काही दिसतं. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, जेलमधला असेल तर आठ आकडी रजिस्टर नंबर असतो, तो पाकिटावर नावाबरोबर लिहावाच लागतो. गुन्हा आधीच वाचा. मी वाचला, मग दोन आठवडे पेन हातात घेतलं नाही, कारण त्या गोष्टीत एक मेलेला माणूस होता आणि त्याचंही घर होतं. तरी लिहायचं ठरवलं, पण तो निर्णय तुमचा तुम्हीच घ्यायचा, आणि नाही जमत वाटलं तर त्यात लाज कसली? दुसरं प्रोफाइल बघा.

घरचा पत्ता अजिबात देऊ नका. या बाबतीत तुमचे अहो बरोबर आहेत, त्यांना सांगा मी म्हटलं म्हणून. पोस्टात पीओ बॉक्स भाड्याने घ्या, किंवा काही संस्था आणि चर्चचे ग्रुप आपल्या पत्त्यावरून पत्रं फिरवतात, तसा ग्रुप सापडला तर उत्तम. आडनाव, मुलांचं कॉलेज, नवऱ्याचं ऑफिस, काहीच नको. चालू केसबद्दल, अपीलबद्दल चकार शब्द लिहायचा नाही, वकिलाचं पत्र सोडलं तर बाकी सगळी पत्रं उघडून वाचली जाऊ शकतात आणि त्यातलं वाक्य कोर्टातही पोचू शकतं.

पत्र पाठवण्याआधी त्या जेलचे मेल रूल्स शब्दन्‌शब्द वाचा. माझं दिवाळीचं पत्र परत आलं होतं, का तर पाकिटाच्या मागे मी पणतीचा स्टिकर चिकटवला होता! छापील फॉर्म सोबत, त्यात कारणांची यादी, स्टिकरपुढे निळ्या पेनाने टिक. ग्लिटर, सेंट, स्टेपल, जाड ग्रीटिंग, यातलं बरंच काही बऱ्याच ठिकाणी चालत नाही, कारण कागदाला ड्रग लावून आत पाठवायचे प्रकार झालेत. पेनसिल्व्हेनियाने तर याच भीतीने 2018 मध्ये सगळ्या राज्य तुरुंगांची पत्रं थेट फ्लोरिडातल्या एका कंपनीकडे वळवली, तिथे ती स्कॅन व्हायची आणि कैद्याच्या हातात फक्त प्रिंट. बाकी राज्यांतही हे पसरलंय, कुठे कुठे तर टॅबलेटवरच पत्र वाचायचं. कागदाला हात लागतो तो आपला, त्याला मिळतो नुसता फोटो, मला हे फार टोचतं पण इलाज नाही. तेव्हा काळ्या शाईने, ठळक, एका बाजूला लिहा.

पैसे. कधीतरी विषय निघणारच, जेलच्या दुकानातला साबण, टॅबलेटवरच्या मेसेजचे पैसे. माझा नियम होता की पहिलं वर्षभर एक डॉलर नाही, आणि तो मी दुसऱ्याच पत्रात सांगून टाकला, त्याने वाईट वाटून घेतलं नाही. गिफ्ट कार्डाचे नंबर मागितले किंवा बाहेरच्या 'कझिन'च्या खात्यात टाका म्हटलं तर सरळ थांबायचं. आणि पत्रात गुलाबी रंग यायला लागला तर वेळीच स्पष्ट लिहा, हो, 57 व्या वर्षीसुद्धा येतो.

एकच गोष्ट मी दहादा सांगीन, सुरुवातीला उत्साहात आठवड्याला एक असं करू नका. महिन्याला एक पत्र, पण ते जायलाच पाहिजे, भारतात जाणार असाल तर आधी कळवून जा. मी एकदा आईच्या आजारपणात तीन महिने गप्प होते, आल्यावर पाच पाकिटं पडली होती, पाचव्यात एवढंच लिहिलं होतं, माझं काही चुकलं का. सहा महिने टिकेल की नाही अशी शंका असेल तर सुरूच करू नका.

प्रश्न: मी कोल्हापूरचा, रिटायर्ड शिक्षक. आपल्याकडे कळंबा जेलमधल्या एखाद्या बंद्याला असं लिहिता येईल का?

उत्तर: सर, आपल्याकडे तसे प्रोफाइल वगैरे नाहीत, आणि आत असलेले बहुतेक कच्चे कैदी आहेत, 2022 च्या सरकारी आकड्यांत देशातल्या 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 जणांचा खटलाच संपलेला नव्हता. म्हणजे तुम्ही आज ज्याला लिहाल तो पुढच्या महिन्यात जामिनावर बाहेर, नाहीतर दुसऱ्या जेलमध्ये. नाव, नंबर माहीत असेल तर अधीक्षकांमार्फत पत्र जातं, पण ते आधी तिथे वाचलं जातं. अनोळखी माणसाने एकदम लिहिण्यापेक्षा आधीच आत ये-जा असलेल्या संस्थेला गाठा, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून महाराष्ट्रातल्या जेलमध्ये काम करतोय, त्यांना विचारा काय उपयोगी पडेल. आणि तुम्ही शिक्षक म्हणून एक आवर्जून सांगते, कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी स्थानबद्ध असताना त्यांनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं, सरकार ते बाहेर पाठवू देईना, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1965 मध्ये कोर्टाने सांगितलं की जाऊ द्या. तेव्हा जेलच्या लायब्ररीला मराठी पुस्तकं चालतील का हेही विचारून बघा, तुमच्या कपाटात असतीलच.