आप्पांची रक्त पातळ करायची गोळी बंद करू का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही अमळनेरकडचे. आमच्या आप्पांची जठरातली गाठ मागच्या आठवड्यात नाशिकला दुर्बिणीतून काढली, अगदी सुरुवातीचा कॅन्सर होता म्हणून ईएसडी केलं. हृदयात स्टेंट आहे म्हणून ॲस्पिरिन चालू आहे. आता भेटायला येणारा जो तो सांगतो ती गोळी बंद करा नाहीतर आतून रक्त जाईल, आणि आप्पा म्हणता मला काही झालेलंच नाही, भरीत करा. काय करू?

उत्तर: भाऊ, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे आधी. स्टेंट असलेल्या माणसाची ॲस्पिरिन अचानक थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ते पोटातल्या रक्तापेक्षा महागात पडतं. त्यासोबत रक्त पातळ करायचं दुसरं औषध, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनसारखं, असेल तर ते कधी थांबवायचं, कोणत्या तारखेला परत सुरू करायचं हे हार्टवाल्या आणि पोटवाल्या डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवायचं असतं, तुम्ही फक्त ती तारीख कार्डावर लिहून घ्या.

आप्पांना काही झालं नाही असं वाटतं कारण बाहेर टाका नाही. पण ईएसडीत गाठीखाली औषधाचं पाणी सोडून ती उचलतात आणि करंटच्या चाकूने अस्तरासकट सोलून काढतात, त्यामुळे आत मोठा अल्सर उरतो जो भरायला साधारण 8 आठवडे लागतात. तळाच्या उघड्या रक्तवाहिन्या डॉक्टर तिथेच करंटने बंद करतात, तरी 100 पैकी 5 एक जणांना नंतर रक्त जातं, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जास्त जणांना. म्हणून ॲसिड कमी करायची गोळी, पँटोप्रॅझोल वगैरे, एकही दिवस चुकवायची नाही, सकाळी उठल्यावर जेवणाच्या अर्धा तास आधी, बरं वाटलं तरी सांगितलेले सगळे आठवडे. जठरात राहणाऱ्या एच. पायलोरी या जंतूची तपासणी झाली का तेही विचारून घ्या.

मला मिरचीपेक्षा जास्त भीती गुडघेदुखीच्या गोळीची वाटते. आपल्याकडे मेडिकलवाल्याला नुसतं "गुडघे दुखता" म्हटलं की डायक्लोफिनॅक हातात मिळते, आणि ॲस्पिरिनवर ती म्हणजे रक्ताला आमंत्रणच. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. तंबाखू आणि दारू बंद, यात सवलत नाही. भरिताचं म्हणाल तर वांग्याचा काही दोष नाही, पण सध्या मऊ खिचडी, ताकभात, केळी चालू द्या, तिखट-तेलाचं भरीत जखम भरल्यावर.

रोज शौचाचा रंग बघा, लाज वाटली तरी. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच, लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, चक्कर, घाम, यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच गाडी काढून जळगाव-धुळ्याला जिथे एन्डोस्कोपीची सोय आहे तिथे न्या, बहुतेक वेळा परत दुर्बीण टाकूनच रक्त थांबवता येतं. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ते डॉक्टरला ठरवू द्या, आणि जाताना डिस्चार्ज कार्ड व सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.