माझ्या नावावर काही नाही रे

पत्र: मी ३९ वर्षांचा असून चिंचवडला एका कंपनीत नोकरी करतो. आई, पत्नी आणि दोन मुले असे आम्ही पाच जण गेली अकरा वर्षे भाड्याच्या घरात राहतो. आता रावेतला ६२ लाखांची तयार सदनिका पसंत केली आहे. बँक ८० टक्के कर्ज देईल. उरलेली रक्कम, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून साधारण १७ लाख आम्हाला उभे करायचे आहेत. माझ्याकडे १२ लाख आहेत. त्यांपैकी ९ लाख गावची तीस गुंठे जमीन गेल्या वर्षी विकून आले आणि ३ लाख बचतीचे आहेत. एका मित्राने मागताक्षणी २ लाख दिले. उरलेले ३ लाख मी मोठ्या बहिणीकडे मागितले. दाजींना चांगली नोकरी आहे आणि कराडला त्यांचा स्वतःचा बंगला आहे. ताईने पंधरा दिवस घेतले आणि मग फोनवर सांगितले, “माझ्या नावावर काही नाही रे, सगळं यांच्याकडे असतं.” वडील गेल्यावर २०१७ साली हक्कसोडपत्र करताना ताईने एका शब्दाने काही विचारले नव्हते, त्यामुळे तिच्याकडून असे उत्तर येईल, असे वाटले नव्हते. परका मित्र धावून आला आणि सख्खी बहीण मागे सरली. पत्नी म्हणते, यंदा भाऊबीजेला जायचे नाही. ताईला पुन्हा कसे विचारू, की हा विषय आणि हे नाते इथेच सोडून देऊ?
— एक भाऊ

उत्तर:

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे. २०१७ साली हक्कसोडपत्र करताना ताईने एका शब्दाने काही विचारले नव्हते. हे वाक्य तुम्ही तिच्या पूर्वीच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून दिले आहे, म्हणजे तेव्हा ती अशी होती आणि आता अशी झाली, हे मला पटावे म्हणून. मी मात्र त्या वाक्याशी थांबले आणि उरलेले सगळे पत्र तिथूनच वाचले.

त्या दिवशी नेमके काय झाले, ते आधी आकड्यांत पाहू. वडिलांनी मृत्युपत्र करून जमीन तुम्हाला दिली असती, तर बहुधा हक्कसोडपत्राची गरजच पडली नसती. म्हणून मृत्युपत्र केलेले नव्हते, असे मी धरून चालते. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्यांच्यामागे पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा मिळतो, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. जमीन वडिलोपार्जित असेल, तर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणेच जन्माने सहदायाद, म्हणजे त्या मिळकतीची वाटेकरी, ठरली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. त्या हिशेबाने आधी वडील, आई, तुम्ही आणि ताई असे चार भाग होतात, मग वडिलांचा चौथा भाग तुम्हा तिघांत वाटला जातो आणि उत्तर पुन्हा प्रत्येकी एक तृतीयांश असेच येते. तुमच्या घरात कोणत्याही वाटेने गेलात, तरी ताईचा वाटा दहा गुंठ्यांचा होता. ती जमीन गेल्या वर्षी नऊ लाखांना गेली. दहा गुंठ्यांचे तीन लाख होतात.

तुम्ही तिच्याकडे मागितलेत तेही तीन लाखच.

हे तुमच्या लक्षात आले नाही, यावर माझा विश्वास आहे आणि मला दुःख नेमके त्याचेच आहे. रावेतच्या घरासाठी तुम्ही जी रक्कम “माझ्याकडे आहे” म्हणून लिहिलीत, तिच्यातला पाव भाग तुमच्या बहिणीने आठ वर्षांहून अधिक काळापूर्वी तुम्हाला देऊन ठेवलेला आहे. मित्राने दोन लाख दिले, ते तुम्हाला आठवते, कारण ते खात्यात जमा झाल्याचा संदेश आला. ताईने दिलेले तीन लाख सातबाऱ्यावरचे एक नाव कमी होऊन आले, म्हणून ते तुम्हाला कधी मदत वाटलेच नाहीत. परका धावून आला आणि सख्खी मागे सरली, असे तुम्ही लिहिता; पण सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त ज्या व्यक्तीने दिले, ती व्यक्ती तुमच्या मदत करणाऱ्यांच्या यादीतच नाही.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र करणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत. छायाचित्र काढले जाते, अंगठ्याचा ठसा घेतला जातो, ओळख पटवायला दोन साक्षीदार उभे असतात आणि पाच-दहा मिनिटांत काम उरकते. बाहेर आल्यावर सगळे मिळून चहा घेतात आणि घरी गेल्यावर बहिणीला साडीचोळी होते. ती काही विचारत नाही, कारण विचारल्यास काय होईल, हे तिला लहानपणापासून ठाऊक असते. वाटा मागितला तर माहेर तुटेल, हे आपल्याकडे मुलीला कुणी समोर बसवून सांगत नाही. गावातल्या एखाद्या आत्याचे नाव कसे घेतले जाते, हे ऐकत ऐकत ती ते शिकते. म्हणून तिचे गप्प राहणे हा तिचा स्वभाव आहे, असे समजू नका. दिवाळीला भाऊ दारात यावा आणि आई आजारी पडली तर आपल्याला कळवले जावे, एवढ्यासाठी तिने दहा गुंठे दिले. आणि आता तुम्ही मला विचारता आहात की भाऊबीजेला जाऊ की नको.

आता तिचे उत्तर पुन्हा वाचा. “माझ्या नावावर काही नाही रे.” तुम्हाला ती सबब वाटली. मला ते त्या पत्रातले सर्वांत खरे वाक्य वाटते. बंगला दाजींचा आहे. पगार दाजींचा आहे. ठेवी असल्याच तर त्या कुणाच्या नावावर आहेत, हे तुम्हाला माहीत नाही. तुमच्या बहिणीच्या आयुष्यात तिच्या स्वतःच्या नावावर येऊ शकणारी एकच गोष्ट होती आणि तिच्यावरचा हक्क तिने तुमच्यासाठी सोडला. ती जमीन आज तिच्याकडे असती, तर कदाचित तुम्ही मागताक्षणी तिने ती विकून पैसे दिलेही असते आणि तिला पंधरा दिवस लागले नसते. त्या पंधरा दिवसांत कराडच्या घरात काय बोलणे झाले, याचा विचार तुम्ही केला का? भावासाठी तीन लाख द्या, असे नवऱ्याला सांगणाऱ्या बाईला तिथे पहिला प्रश्न कोणता विचारला गेला असेल? तुझा वाटा त्यांना दिलास, आता माझे पैसेही द्यायचे का, हे दाजी म्हणाले असतील किंवा नसतील. पण ते म्हणाले असतील तर तिने तुम्हाला ते सांगितले नाही. तुमची बाजू तिने तिथे झाकली आणि त्यांची बाजू तुमच्यापुढे झाकली. स्वतःकडे काही नसल्याची लाज तेवढी तिने आपल्या वाट्याला घेतली.

तुमच्या पत्नीला मी दोष देणार नाही, कारण अकरा वर्षे भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी करार नवा करत संसार करणे सोपे नाही. फक्त तिला एकदा शांतपणे विचारा की तिच्या माहेरच्या जमिनीचे काय झाले आणि तिने कुठे सही केली आहे का. ते ऐकून झाल्यावर भाऊबीजेचा विषय तुम्हा दोघांनाही वेगळा दिसेल.

मित्राच्या पैशांबद्दल थोडक्यात सांगते. ते बँकेतून खात्यावरच आले असतील, अशी आशा आहे, कारण वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम कर्जाऊ घेताना ती रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. परतफेडीच्या तारखांचा कागद करा आणि तो तुम्ही होऊन त्याच्या हातात द्या. असे उधार वसूल करण्यासाठी कायदा तीनच वर्षांची मुदत देतो आणि भला माणूस त्या मुदतीत मागायला संकोचतो.

तुमचा प्रश्न असा आहे की ताईला पुन्हा कसे विचारावे. विचारूच नका. तिच्या खात्यावर तीन लाख रुपये पाठवा, आणि ते घराच्या करारावर सही करण्याआधी पाठवा.

कायद्याने तुम्ही तिचे काही देणे लागत नाही, हे मला माहीत आहे. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र पक्के असते, तिचा हक्क संपलेला आहे आणि उद्या कोणत्याही वकिलाने तुम्हाला हेच सांगितले तर तो बरोबरच सांगत असेल. पण तुम्ही मला कायद्याचा प्रश्न विचारलेला नाही, नात्याचा विचारला आहे. हे पैसे बक्षीस म्हणून द्या. भावाने बहिणीला दिलेल्या रकमेवर तिला प्राप्तिकर लागत नाही, त्यामुळे त्यात अडचण काही नाही. खाते तिच्या एकटीच्या नावाचे असले पाहिजे. तसे खाते नसेल तर ते उघडेपर्यंत थांबा, तिला उघडायला मदत करा, पण संयुक्त खात्यावर पाठवू नका.

यावर तुम्ही म्हणाल की मग रावेतचे घर हातचे जाईल. होय, जाईल. तुमचा १७ लाखांचा हिशेब मी पडताळून पाहिला आणि तो बरोबर आहे: ६२ लाखांच्या वीस टक्क्यांचे १२ लाख ४० हजार, पिंपरी-चिंचवडमध्ये सात टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख ३४ हजार आणि नोंदणीचे ३० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो खिशातूनच करावा लागतो. ताईचे तीन लाख वजा केल्यावर तुमच्याकडे स्वतःचे नऊ आणि मित्राचे दोन असे अकरा लाख उरतात. त्यात याच हिशेबाने चाळीस लाखांच्या आसपासचे घर बसते. ते घर जुन्या इमारतीतले असेल, कदाचित लिफ्ट नसेल, कंपनीपासून आणखी अर्ध्या तासाने लांब असेल. तेच तुमच्या ऐपतीतले घर आहे. रावेतची सदनिका तुमच्या ऐपतीत आहे असे तुम्हाला वाटत होते, कारण बहिणीचा वाटा तुम्ही स्वतःचा धरला होता आणि त्यावर आणखी तेवढेच तिच्याकडून येतील, असे गृहीत धरले होते. एकाच व्यक्तीने एकाच घरासाठी दोनदा द्यावे, आणि दुसऱ्यांदा देता आले नाही म्हणून तिच्याशी संबंध तोडावा, हे तुम्हाला मान्य होणार नाही. तुम्ही तसे वाईट गृहस्थ नाही, नाहीतर पत्रात ते वाक्य आलेच नसते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. हे पैसे तिला देताना ते तिने परत द्यावेत अशी मनात योजना ठेवू नका. ती परत देऊ करेल, जवळजवळ नक्कीच करेल, कारण तिला तीच सवय लागलेली आहे. “तुला घर घ्यायचंय ना, मग राहू दे तुझ्याकडे,” असे ती म्हणेल आणि त्या क्षणी तुम्हाला रावेतचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर दिसेल. तेव्हा घेऊ नका. तिने कितीही आग्रह केला तरी या घरासाठी तिच्याकडून एक रुपयाही घेऊ नका.

आईबद्दल तुम्ही फक्त एवढेच लिहिले आहे की ती तुमच्याकडे राहते. जमिनीच्या त्या नऊ लाखांत तिचाही एक तृतीयांश आहे, आणि तिनेही बहुधा त्याच दिवशी त्याच कागदावर सही केली असणार. तिचे तीन लाख मी तुम्हाला परत द्यायला सांगत नाही, कारण ती तुमच्याबरोबर राहणार आहे आणि घर लहान झाले तरी तिच्या नावाने त्यात एक कोपरा पक्का असेल. तो तुमच्या उपकाराचा नसून तिच्या हक्काचा आहे, एवढे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या. आणखी एक सांगायचे तर, घर तुमच्या पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे चाळीस लाखांच्या घरावर चाळीस हजार वाचतात. कर्जाच्या दृष्टीने ते जमते का, हे बँकेला विचारून पाहा. पैसे वाचतील म्हणून तर पाहाच, पण या घरात निदान एका बाईला “माझ्या नावावर काही नाही” असे कधी म्हणावे लागू नये म्हणूनही पाहा.

भाऊबीजेपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी आईला घेऊन कराडला जा. फोनवर हे बोलू नका, कारण फोनवर ती हसून विषय बदलेल. दाजी घरात असले तरी चालेल. उलट असलेलेच बरे, म्हणजे तिच्या माहेराने तिचा वाटा लक्षात ठेवला, हे त्यांच्या समोर होईल. जमीन किती होती, कितीला विकली आणि तिचा भाग किती झाला, हे एका कागदावर लिहून न्या आणि तो तिला द्या. जमीन गेल्या वर्षी विकली, हे तिला तुम्ही सांगितले होते का, की तिला ते दुसऱ्याच कुणाकडून कळले, हेही पत्रात नाही. सांगितले नसेल तर आधी त्याबद्दल क्षमा मागा. मग खात्याचा क्रमांक विचारा. ती रडेल कदाचित, किंवा रागावेल, किंवा उठून चहा टाकायला आत जाईल. तिला वेळ घेऊ द्या.

आणि पुढे तिने त्या पैशांचे काय केले, हे तिने होऊन सांगितले नाही तर विचारू नका.